गॅलरीतल्या कुंडीत जाईचा वेल कसा फुलवावा

मुंबईतल्या गॅलरीत जाई वाढवणे कठीण नाही. ती फुलवणे कठीण आहे. इथली दमट हवा तिला मानवते, पाने भराभर येतात, वर्षभरात वेल ग्रिल झाकून टाकतो आणि तरीही पावसाळा कळीवाचून सरतो. त्यामागे बहुधा दोनच कारणे असतात, चुकीची जागा आणि न चालवलेली कात्री. म्हणून खत-पाण्याचा विचार त्यानंतर करावा.

प्रथम रोप पारखून घ्यावे. रोपवाटिकेत जाई मागितली तर कधी जुई हाती येते, कधी कुंद. चमेली हे जाईचेच हिंदी नाव असल्याने त्या नावाने बिचकण्याचे कारण नाही, पण पान मात्र नीट पाहावे. जाईच्या एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या, जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका असते. जुईच्या देठावर एकच ठळक पर्णिका दिसते आणि तिच्या बुडाशी कानांसारखी इवलीशी जोडी असते. कुंदाचे पान साधे, एकेरी असते. रोपावर कळी असेल तर तिच्या पाठीवरची गुलाबी झाक ही जाईची खूण समजावी.

जागेच्या बाबतीत मुंबईकरांची एक फसगत हमखास होते. डिसेंबरात दक्षिणेकडची गॅलरी उन्हाने भरलेली दिसते आणि आपण कुंडी तिथे मांडतो. परंतु मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेकडून जातो. डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. जाईला ऊन हवे असते ते नेमके याच महिन्यांत. त्यामुळे पूर्वेची किंवा पश्चिमेची बाजू निवडावी आणि किमान ४ ते ५ तास थेट ऊन मिळते का, हे एखाद्या सुटीच्या दिवशी घड्याळ लावून पाहावे. गच्चीवर परवानगी असेल तर प्रश्नच मिटला.

कुंडी १४ ते १६ इंची घ्यावी. ओल्या मातीसह तिचे वजन ४० किलोच्या घरात जाते, म्हणून ती कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर टांगत्या जाळीत न ठेवता जमिनीवरच, भिंतीच्या कडेला ठेवावी. तळाच्या भोकांवर खापराचे तुकडे पालथे घालावेत. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करून त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. नुसती लाल माती भरल्यास ती दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. काळ्या पिशवीतून रोप काढताना मुळांभोवतीचा चिकट मातीचा गोळा कडेने हलक्या हाताने मोकळा करावा, अन्यथा पाणी त्याच्या बाजूने वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. लागवड जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्यावर करावी. मेच्या उकाड्यात करू नये.

जाईला ताणे नसतात, त्यामुळे ती आपण होऊन ग्रिल धरत नाही. सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास करून फांद्या बांधाव्यात आणि त्या सरळ वर न नेता शक्य तितक्या आडव्या पसरवाव्यात. आडव्या केलेल्या फांदीला जागोजागी धुमारे फुटतात आणि कळ्यांचे घोस त्या धुमाऱ्यांच्या टोकांना येतात.

आता कात्रीविषयी. जाईची फुले नव्या फुटीवर येतात, जुन्या लाकडावर नाही. हे वाचून ठाऊक असूनही हिरवागार वेल कापायला माझा हात धजावत नसे, आणि दोन पावसाळे मी नुसती पाने पाहिली. तिसऱ्या वर्षी जानेवारीत इमारतीच्या रंगकामासाठी परांची बांधताना कामगारांनी माझा वेल गुडघ्याएवढा ठेवून बाकीचा छाटून टाकला. मी बराच त्रागा केला. त्याच वर्षी जूनमध्ये गॅलरीचे दार उघडे ठेवले की आतल्या खोलीपर्यंत वास येई.

तेव्हापासून डिसेंबरची अखेर ते जानेवारीचा मध्य या काळात मी स्वतःच छाटणी करतो. आठवडाभर आधी पाणी कमी करावे, मग तीन-चार दणकट फांद्या दोन ते अडीच फुटांवर धारदार कात्रीने कापाव्यात आणि वाळक्या, काडीसारख्या फांद्या बुडापासून काढाव्यात. त्यानंतर वरची दोन इंच माती उकरून शेणखत आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घालावे व पुन्हा नियमित पाणी सुरू करावे. मार्चमध्ये नव्या फुटीचे शेंडे एकदा खुडावेत. पुढे महिन्याकाठी दोन मुठी गांडूळखत पुरते. युरियाच्या मोहात पडू नये. त्याने पानेच माजतात.

पाणी बोटाने ठरवावे. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच घालावे. पावसाळ्यात मात्र एक गंमत होते. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असतो आणि स्लॅबखालची कुंडी तहानलेली असते, कारण पावसाची तिरपी झड फक्त पानांवर येते. ओल्या पानांवर ठिपके पडू लागले तर ती पाने काढून वेल विरळ करावा. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पिठ्या ढेकूण आणि त्यांच्यामागे मुंग्यांची रांग दिसली, तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण घालून संध्याकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे.

दुसरे रोप हवे असल्यास पावसाळ्यात दाब कलम करावे. लवचिक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवून, मातीत जाणाऱ्या भागाची साल किंचित खरवडून, वर दगड ठेवला की साधारण दोन महिन्यांत मुळे धरतात.

कळ्या संध्याकाळी, टपोऱ्या झाल्या पण मिटलेल्या असताना खुडाव्यात आणि ओल्या रुमालात गुंडाळून वाटीत ठेवाव्यात. रात्री त्या वाटीतच उमलतात. वेलावर राहिलेली फुले दुसऱ्या दिवशी गळतात आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन पडतात, तेव्हा कळ्या रोजच्या रोज उतरवलेल्या बऱ्या.