परसातला लाकडी डेक मोडण्याआधी टोचून बघा
बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात परसातला लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा फळ्यांचा ओटा, काळवंडला की सुतार सरळ ‘सगळा काढूया’ म्हणतो. त्याचं काय जातंय! आधी खांबांची खालची टोकं आणि तुळया स्क्रूड्रायव्हरने टोचा. स्क्रूड्रायव्हर सहज आत रुतला, तर तिथलं लाकूड कुजलंय, तेवढाच भाग बदला. सांगाडा टणक असेल तर काम फळ्यांपुरतंच. त्या उलटून बघा, खालची बाजू बऱ्याचदा चांगली निघते. परत बसवताना ५-६ मिमी फट ठेवा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. मे महिन्यात, लाकूड खडखडीत वाळलं की जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.