इम्प्रेशनिस्ट व्यक्तिचित्र बघताय? या चुका टाळा

खिडकीशी बसलेली बाई, खांद्यावरून ओघळलेलं कापड, अर्ध्या गालावर ऊन आणि मागची भिंत ब्रशच्या चार फटकाऱ्यांत उरकलेली. अशी इम्प्रेशनिस्ट धाटणीची, म्हणजे बारकाव्यांपेक्षा उजेडाचा आणि रंगाचा ठसा मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणारी चित्रं हल्ली जळगाव-धुळ्याच्या बंगल्यांत, दवाखान्यांत, हॉटेलांच्या लॉबीत बरीच दिसतात. बघणारे एक तर "छान आहे" म्हणून पुढे सरकतात, नाहीतर जवळ जाऊन विचारतात, "हाऊ हात अर्धाच राही गया का, भाऊ?"

ही तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे. 1874 साली पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा लुई लरॉय या समीक्षकाने क्लोद मोने या चित्रकाराच्या समुद्रचित्राची टिंगल केली होती, की वॉलपेपरचा कच्चा आराखडासुद्धा याहून पुरा असतो. आजचे चित्रकार तो हात ठरवूनच अर्धा ठेवतात. तुमची नजर चेहऱ्यावर थांबावी म्हणून हात सोडून दिलेला असतो. सगळंच सारख्या बारकाईने रंगवलं तर डोळा कुठेच टिकत नाही.

एकाच जागी उभं राहणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. अशा चित्राला दोन अंतरं असतात. आधी चित्राच्या उंचीच्या तिप्पट मागे उभे राहा आणि डोळे किंचित बारीक करा. बारकावे पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे आकार उरतात. तेवढ्यावर बाई नीट बसलेली दिसली, तिचं वजन खुर्चीवर पडलेलं जाणवलं, तर पाया पक्का आहे. मग हळूहळू पुढे या. कानातला मोती मोती राहत नाही, तो घट्ट रंगाचा एक उंचवटा होतो, आणि शेजारी एक गडद ठिपका दिसतो. हे रूप नेमकं कुठे मोडतं ती जागा शोधा आणि तिथे पुढे-मागे करत राहा. खरी गंमत तिथे आहे.

सराव करायचा तर जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकी व्यक्तिचित्रकाराचं 1892 चं 'लेडी ॲग्न्यू ऑफ लॉक्नॉ' पडद्यावर मोठं करून बघा. सार्जंट काटेकोर अर्थाने इम्प्रेशनिस्ट नव्हे, पण आजचे व्यक्तिचित्रकार त्याच्याकडूनच खूप शिकलेत. पांढरा पोशाख म्हणतो खरा, पण त्यात निव्वळ पांढरा फार थोडा आहे. घड्या जांभळट आणि करड्या आहेत, आणि कमरेच्या फिकट जांभळ्या पट्ट्याचा रंग आसपासच्या पांढऱ्यातही उतरलाय.

रेषा शोधत बसणं

आपली नजर अजिंठ्याच्या परंपरेत वाढलेली आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. भुवई, खांदा, बोटं, सगळं वाहत्या रेषेने बांधलेलं. इथे मात्र रेषा जवळपास नाहीच. रंगाचा एक डाग दुसऱ्याला भिडतो आणि कड तयार होते. कुठे ती धारदार, कुठे विरलेली, तर कुठे केस मागच्या अंधारात इतके मिसळलेले की कड सापडतच नाही. पद्मपाणीची मोजपट्टी इथे लावली तर चित्र ढिसाळ वाटणारच. त्यापेक्षा धारदार कडा तेवढ्या शोधा. त्या बहुधा मोजक्याच असतात आणि चित्रकाराला जे सांगायचंय त्याच्या जवळपासच असतात.

सावलीला काळी समजणं

मे महिन्यात भुसावळला भर दुपारी चुन्याच्या भिंतीवरची सावली बघा. ती निळसर असते, कारण तिच्यावर आभाळाचा उजेड पडतो. सावळ्या खांद्यावरही एका बाजूला ऊन तांबूस तापतं, दुसरीकडे निळी झाक येते. चित्रातल्या गालावर हिरवा-जांभळा दिसला की "रंग चुकला" म्हणू नका. अँडर्स झॉर्न हा स्वीडिश चित्रकार पांढरा, पिवळी माती, शेंदरी लाल आणि काळा एवढ्यावर कातडी रंगवायचा, आणि उबदार रंगांशेजारी त्याचा काळा-पांढऱ्याचा करडा चक्क निळा वाटतो.

चेहरा देखणा आहे म्हणून चित्र चांगलं, ही समजूतही सोडा. डौल मानेच्या कलण्यात आणि पाठीच्या बाकात असतो. देगा या फ्रेंच चित्रकाराच्या कित्येक नर्तकींचे चेहरे धड दिसतही नाहीत.

छपाईला ऑइल समजून घेणं

कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली चित्रं ऑइल म्हणून विकली जातात. मोबाइलचा टॉर्च कॅनव्हासच्या कडेला आडवा धरा. रंगाचे उंचवटे रंगाच्या आकाराप्रमाणे वळत असतील तर ठीक. गालाचा रंग एकीकडे आणि उंचवटा भलतीकडे जात असेल, तर ती छपाई. भिंगातून बारीक एकसारखे ठिपके दिसले तर शंकाच नको.

उजेड कडेने आला की काय काय उघडं पडतं, हे समजायला चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरातलं संग्रहालय जरूर बघा. टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून त्यांनी फोटोंत अख्खी दृश्यं उभी केली.

घरी आणल्यावर

ऑइल रंगातलं तेल बहुतेक जवसाचं असतं. ते उडून जात नाही, हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. म्हणून वरून सुकलेलं चित्र आत कच्चं असू शकतं, आणि जाड रंग असेल तर शेवटचं व्हार्निश सहसा सहा महिने ते वर्षभर थांबून देतात. नवं चित्र काचेला चिकटवून फ्रेम करू नका.

आपल्याकडे दोन शत्रू आहेत: पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन आणि कूलर. कूलरच्या दमट झोतासमोर कॅनव्हास सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो, आणि अशा ओढाताणीत रंगाला भेगा जातात. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं कधीच नको.

चित्र बरेच दिवस अंधाऱ्या खोलीत गुंडाळून ठेवलं तर पांढरा रंग पिवळट पडतो. घाबरून घासू नका. काही आठवडे थेट ऊन न लागणाऱ्या उजेडात टांगा, हा पिवळेपणा बराचसा आपोआप उतरतो.