धंद्यासाठी पैसे साठवताना आधी काय मोजायचं?

धंदा सुरू करायचा म्हणून पैसे साठवणाऱ्याला "किती जमले?" असं सगळे विचारतात. "किती लागणार?" याचा हिशेब मात्र क्वचितच कागदावर उतरलेला असतो. मनात एक गोल आकडा धरलेला असतो. तो गाठेपर्यंत तीन-चार वर्षं जातात आणि मग कळतं, की तो अपुरा तरी आहे किंवा त्यातले निम्मे पैसे लागणारच नव्हते. ज्यांचे धंदे पुढे मोठे झाले त्यांची पहिली दोन-तीन वर्षं नीट पाहिली, तर त्यांनी साठवण्याइतकंच डोकं लागणारी रक्कम खाली आणण्यात घातलेलं दिसतं.

यशस्वी लोकांच्या कहाण्या वाचताना एक पथ्य पाळावं. तेवढंच धाडस करून बुडालेल्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. तेव्हा या मंडळींची हिंमत उचलायला जाऊ नये, व्यवहार उचलावा. पैसा कुठून आला, कधी बाहेर गेला, पगार कधीपर्यंत चालू होता, एवढंच बघावं.

आकडा कसा काढायचा

तुमचा सध्याचा घरखर्च दरमहा 100 धरा; पुढचे सगळे आकडे त्याच प्रमाणात आहेत. मिळकत 130. थोडी काटछाट करून खर्च 90 वर आणला, तर महिन्याला 40 बाजूला पडतात. घरखर्च अंदाजाने धरू नका. बँकेचं गेल्या 12 महिन्यांचं विवरण समोर ठेवा आणि वर्षातून एकदाच येणारे खर्चही (विमा, शाळेची फी, दुरुस्त्या) 12 ने भागून त्यात मिळवा. हे राहून जातं म्हणूनच बहुतेकांचा हिशेब पहिल्या वर्षातच कोलमडतो.

आता लागणारी रक्कम चार भागांत मांडा. पहिला भाग घराचा: नोकरी सोडल्यावर धंद्यातून एक पैसाही न घेता किती महिने घर चालवायचं. घरात दुसरा पगार असेल तर 6 महिने, नसेल तर 9 ते 12. दुसरा उभारणीचा: यंत्रं, जागेची अनामत, फर्निचर, परवाने. तिसरा, धंद्याचा ठरलेला मासिक खर्च, म्हणजे भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, निदान 6 महिन्यांचा. विक्री होवो न होवो, हा द्यावाच लागतो. चौथं खेळतं भांडवल. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून त्याचा हिशेब पुढे वेगळा दिला आहे.

समजा घर 9 × 90 = 810, उभारणी 250, ठरलेला खर्च 6 × 25 = 150 आणि खेळतं भांडवल 150. एकूण 1360. महिन्याला 40 या वेगाने 34 महिने. जवळपास तीन वर्षं! इथे बरेच जण एकतर निराश होतात किंवा कर्जाकडे वळतात. त्याआधी प्रत्येक भाग वेगळा धरून कापायचा असतो.

पगार चालू ठेवणं ही सर्वांत मोठी कपात

फिल नाइट आणि बिल बॉवरमन यांनी 1964 मध्ये प्रत्येकी 500 डॉलर घालून बुटांचा धंदा सुरू केला. पुढे त्याचीच नायकी कंपनी झाली. नाइट हिशेबनीस म्हणून नोकरी करत होता, नंतर कॉलेजात शिकवत होता आणि बूट गाडीत भरून धावण्याच्या स्पर्धांच्या ठिकाणी विकत होता. पूर्ण वेळ धंद्यात उतरला तो 1969 मध्ये. सारा ब्लेकलीने स्पँक्स या बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या धंद्यासाठी साठवलेले 5,000 डॉलर वापरले आणि 2000 साली माल दुकानात लागेपर्यंत फॅक्स मशीन विकण्याची नोकरी सोडली नाही. निरमाचे करसनभाई पटेल 1969 पासून घरीच पावडर तयार करत, सायकलवरून विकत आणि दिवसा सरकारी नोकरी करत.

पगार चालू असताना धंद्याला घर पोसावं लागत नाही. घराचा 810 चा भाग 4 महिन्यांवर, म्हणजे 360 वर येतो, कारण नोकरी सोडण्याच्या दिवशी थोडीफार विक्री आधीच बसलेली असते.

पण याला मर्यादा आहेत. आठवड्याला 10 ते 12 तास मिळाले तरी खूप, आणि तेही थकलेले तास. म्हणून अर्धवेळ सुरू करायचा धंदा असा निवडावा, ज्यात गिऱ्हाईक तुमच्या वेळेला येऊ शकतं: ऑर्डर घेऊन करून देण्याची कामं, शनिवार-रविवारची विक्री, ठरवून दिलेल्या वेळेची सेवा. दिवसभर उघडं ठेवावं लागणारं दुकान असं चालत नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या माणसाचा पगार हाच आधार असतो. जेम्स डायसनने पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर जमवण्यासाठी 5,127 नमुने केले. त्या पाच वर्षांत त्याच्या बायकोच्या चित्रकला शिक्षिकेच्या पगारावर घर चालत होतं, शिवाय कर्जही होतं. असा विचार असेल तर घरातल्या माणसाशी बोलणी आधी करा आणि मुदत ठरवा. "बघू कसं जमतंय" यावर कोणाचा पगार गृहीत धरू नये.

नोकरीचा करार मात्र आधी काढून वाचा. बाहेरचं काम करायला बंदी आहे का, नोकरीत असताना केलेल्या शोधावर मालकाचा हक्क लागतो का, सोडल्यावर त्याच क्षेत्रात उतरायला किती महिन्यांची आडकाठी आहे? ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, एचपी या कंपनीत नोकरीला असताना त्याने आपल्या संगणकाची रचना आधी त्याच कंपनीला देऊ केली होती. त्यांनी नकार दिला तेव्हा वाट मोकळी झाली. मालकाचा संगणक, फोन आणि वेळ वापरायचा नाही, हे तर उघडच आहे.

खेळतं भांडवल: दिवस मोजा

कच्चा माल आणल्यापासून विकलेल्या मालाचे पैसे हातात येईपर्यंत जितके दिवस जातात, तितके दिवस तुमचा पैसा अडकलेला असतो. समजा दरमहा 60 चा माल लागतो, म्हणजे दिवसाला 2. महिन्याचा माल एकदम भरला तर तो विकेपर्यंत 30 दिवस. गिऱ्हाइकाला 45 दिवसांची उधारी. माल देणारा नवख्याला उधार देत नाही, त्याला रोख मोजावी लागते. एकूण 75 दिवस × 2 = 150. वरच्या हिशेबातले 150 ते हेच.

आता 15 दिवसांपुरताच माल भरा आणि गिऱ्हाइकाकडून माल देतानाच पैसे घ्या. अडकतात फक्त 15 × 2 = 30. एकगठ्ठा खरेदीवरची सूट गेली, हे खरं. पण सूट वाचवण्यासाठी 120 अडकवणं म्हणजे तुमच्या बचतीच्या वेगाने 3 महिने जास्त थांबणं, आणि माल पडून राहिला तर सूट त्यातच जाते. उधार माल देणारा मिळाला, तर हेही दिवस कमी होतात.

ॲपलची 1976 मधली सुरुवात या हिशेबाचा नमुना आहे. दुसरा संस्थापक स्टीव्ह जॉब्सने गाडी विकली, वॉझ्नियाकने कॅल्क्युलेटर विकला, तरी जमलेली रक्कम किरकोळच होती. मग एका दुकानाने 50 संगणकांची ऑर्डर दिली, प्रत्येकी 500 डॉलर, पैसे माल मिळताच. त्या ऑर्डरच्या जोरावर सुटे भाग देणाऱ्याकडून 30 दिवसांची उधारी मिळाली. 30 दिवसांच्या आत जोडणी करून माल दिला आणि आलेल्या पैशांतून भागांचे पैसे चुकवले. 25,000 डॉलरचा माल जवळपास दुसऱ्याच्या पैशांवर उभा राहिला. यातली मेख अशी, की लेखी ऑर्डर आधी होती आणि उधारीची मुदत जोडणीच्या वेळेपेक्षा लांब होती. जोडणीला 40 दिवस लागले असते तर हीच युक्ती गळ्याशी आली असती.

तुमच्या धंद्यात हे कसं करायचं? बनवून द्यायची वस्तू असेल तर ऑर्डर घेताना निम्मी रक्कम, उरलेली माल देताना. सेवा असेल तर महिन्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला. आगाऊ रक्कम मागायला संकोच वाटतो, आणि "आधी नाव होऊ दे, मग मागू" असं लोक म्हणतात. पण एकदा उधारीची सवय लावलेल्या गिऱ्हाइकाला रोखीवर आणणं फार अवघड जातं. दुसरी गोष्ट, आगाऊ मिळालेली रक्कम म्हणजे नफा नाही. ती माल पोचेपर्यंत देणं आहे. तिच्यातून घरखर्च भागवायला लागलात, की पुढच्या ऑर्डरच्या पैशांतून मागचा माल करावा लागतो आणि हे चाक एक दिवस थांबतंच.

साठवत असतानाच अशा 10 अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन माल देऊन पाहा. नातेवाईक आणि मित्र यात धरू नयेत. ते वस्तूसाठी नव्हे, तुमच्यासाठी पैसे देतात. 10 जण मिळत नसतील, तर कितीही जमवा, उपयोग नाही.

उभारणी आणि भाडेकरार

यंत्र विकत घेण्याआधी तेच काम ठोक पैसे देऊन बाहेरून करून घेता येतं का, किंवा यंत्र तासावर मिळतं का, ते विचारा. नगामागे महाग पडतं, पण विक्री बसेपर्यंत तेच स्वस्त. जुनं यंत्र घेतलं तर चालू करून, निदान दोन तास सलग चालवून बघा आणि सुटे भाग बाजारात मिळतात याची खात्री करा. कोटेशनवर 20-25 टक्के वाढवून धरा: वाहतूक, बसवणी, वायरिंग आणि अनामत त्या कागदावर सहसा नसतात. ब्लेकलीने वकिलाची फी टाळण्यासाठी पेटंटचा अभ्यास करून बराचसा अर्ज स्वतः लिहिला, हे खरं आहे. तरी मूळ मसुदा स्वतः करून शेवटची तपासणी जाणकाराकडून करून घेणं शहाणपणाचं.

जागेच्या बाबतीत वॉलमार्ट ही दुकानांची साखळी उभारणाऱ्या सॅम वॉल्टनची चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1945 मध्ये त्याने स्वतःचे 5,000 आणि सासऱ्याकडून घेतलेले 20,000 डॉलर घालून पहिलं दुकान घेतलं आणि ते जोरात चालवलं. भाडेकरारात मुदतवाढीचं कलम नव्हतं. 1950 मध्ये मालकाने करार वाढवून दिला नाही आणि चालतं दुकान हातचं गेलं. करार करताना मुदत, वाढ घेण्याचा तुमचा हक्क, भाडं दर वर्षी किती वाढणार, आणि तुम्ही केलेल्या बांधकामाचं काय, हे चारही मुद्दे लेखी हवेत.

घरूनच सुरुवात करून उभारणी 120 वर आणि सहा महिन्यांचा ठरलेला खर्च 50 वर आला असं धरा. घर 360, खेळतं भांडवल 30. एकूण 560, म्हणजे 14 महिने. मिळकत वाढली नाही, तरी 20 महिने वाचले.

पैसा ठेवायचा कुठे

रोजच्या खात्यात नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशा वेगळ्या खात्यात, शक्यतो दुसऱ्या बँकेत. घराचा भाग कधीही काढता येईल असा हवा. उभारणीचा भाग मुदत ठेवीत, सुरुवातीच्या तारखेच्या आसपास सुटणारा. दीड-दोन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये. बाजार पडलेला असताना तोट्यात विकावं लागतं किंवा धंदा पुढे ढकलावा लागतो. क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं असेल तर साठवण्याआधी तेच फेडा. त्याच्या व्याजाइतका परतावा कुठलीही ठेव देत नाही.

घरच्यांकडून पैसे घेतले तरी कागद करा. उसने आहेत की भागीदारी, परत कधी, धंदा बुडाला तर काय. इन्फोसिसच्या सुरुवातीला 1981 मध्ये सुधा मूर्तींनी दिलेल्या 10,000 रुपयांची गोष्ट सांगितली जाते ती गोड शेवटामुळे. बिनकागदी उसनवारीतल्या बऱ्याच गोष्टी अबोल्यावर संपतात.

नोकरी सोडण्याची तारीख भावनेवर ठरवू नका. सलग तीन महिने धंद्याने स्वतःचा ठरलेला खर्च भागवून घरखर्चाचा निदान एक तृतीयांश दिला, घराचा भाग शाबूत आहे, आणि निम्म्याहून अधिक विक्री एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून नाही, तेव्हा राजीनाम्याचा विचार करा. राजीनाम्याआधी आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या, कारण मालकाने काढलेला नोकरीबरोबरच संपतो. घर किंवा गाडीचं कर्ज, कार्डाची मर्यादा वाढवणं, जे काही पगाराच्या पावतीवर मिळतं आणि खरंच लागणार आहे, तेही त्याआधीच उरका. नव्या धंदेवाल्याकडे बँक आधी दोन-तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं मागते.