लँडस्केपवाल्याची सर्टिफिकेटं कशी तपासायची? ॲडव्हान्स देण्याआधी हे करा

बंगल्यापुढची जागा असो नाहीतर सोसायटीची बाग, लँडस्केपवाला आला की आधी मोबाइलवर फोटो दाखवतो, मग कोटेशन देतो आणि त्यात खाली एक ओळ असते, 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड, सर्टिफाइड'. कमिटीवाले बऱ्याचदा तेवढ्यावरच ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. पण ते 'रजिस्टर्ड' बहुतेक वेळा टॅक्सबद्दल असतं, झाडांबद्दल नसतं, आणि लाखभर रुपये जाणार असतील तर हा फरक कळायलाच हवा.

मुळात आपल्याकडे लँडस्केपिंगचा धंदा करायला सरकारचं वेगळं सक्तीचं लायसन्स नाहीये. आर्किटेक्टसाठी १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही, पण त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला यातून वगळलंय. म्हणजे कार्डावर लँडस्केप आर्किटेक्ट छापलेलं असलं तरी तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तपासायचं काम आपलंच.

सुरुवात अशी करा, सगळी कागदपत्रं व्हॉट्सॲपवर मागवून घ्या आणि त्यांचे दोन गठ्ठे करा, एक धंद्याच्या कागदांचा आणि एक कामाच्या ज्ञानाचा.

धंद्याचे कागद पटकन होतात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि गोव्याचा ३० ने, तो जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे का रद्द झालीये ते दिसतं, आणि तिथलं नाव अन् ज्या खात्यात पैसे टाकायचेत ते नाव जुळतंय का हेही बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नंबर लागत नाही, त्यामुळे नंबर नाही म्हणून लगेच फ्रॉड समजू नका, फक्त मग त्याला बिलात जीएसटी लावता येणार नाही. उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, स्वतःच माहिती भरून मिळतं. शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यात थोडेच कामगार असलेल्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आयएसओ ९००१ फर्मच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं. यातला एकही कागद सांगत नाही की या माणसाला लॉन कशी लावायची ते येतं.

आता खरा गठ्ठा, इथे वेळ द्या. आधी ठरवा की तुम्हाला नक्की कोण हवाय. मोठ्या जागेचं डिझाइन, उतार, पाण्याचा निचरा, पायवाटा असं सगळं असेल तर लँडस्केप आर्किटेक्ट बघा, म्हणजे बी.आर्क. करून वर लँडस्केपमधली मास्टर्स केलेला माणूस. त्याचा कौन्सिलचा नंबर मागा, तो 'सीए' मग नोंदणीचं साल मग आकडा असा असतो, आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतो. इसोला म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्सचा सभासद असेल तर अजून चांगलं, तेही संस्थेकडे विचारून घ्या. ही सरकारी संस्था नाही, पण लँडस्केप आर्किटेक्ट लोकांची स्वतःची संस्था आहे त्यामुळे मी तरी तिला वजन देतो.

फक्त लावणी आणि मेंटेनन्स हवा असेल तर एवढ्या मोठ्या डिग्रीची गरज नाही. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या चार कृषी विद्यापीठांपैकी एकाची उद्यानविद्येची किंवा ॲग्रीची डिग्री, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा बागकामाचा कोर्स, आयटीआयचा फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग ट्रेड, किंवा ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिलचं गार्डनरचं सर्टिफिकेट, यातलं काहीही चालेल.

सर्टिफिकेट हातात आलं की नीट वाचा, नुसता शिक्का बघू नका. नाव कुणाचं आहे, तुमच्याशी बोलणाऱ्याचं की त्याच्या भावाचं? 'अभ्यासक्रम उत्तीर्ण' लिहिलंय की 'कार्यशाळेत सहभाग'? दोन दिवसांच्या वर्कशॉपचा कागदसुद्धा सोनेरी बॉर्डरचा असतो. कोर्स किती महिन्यांचा, सीट नंबर किंवा सर्टिफिकेट नंबर आहे का, क्यूआर कोड असेल तर स्कॅन केल्यावर सरकारी साइट उघडते की त्या संस्थेचंच फेसबुक पेज? ज्या संस्थेने दिलंय तिला फोन करायचा तर नंबर संस्थेच्या साइटवरून घ्या, सर्टिफिकेटवरचा नको, कारण कागद खोटा असेल तर नंबरही त्यांचाच असणार.

काही कामांना मात्र वेगळा परवाना लागतोच आणि इथे अजिबात सूट देऊ नका. पेस्ट कंट्रोल धंदा म्हणून करायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना पाहिजे. कुणी मातीत फोरेट या विषारी कीटकनाशकाचे दाणे टाकू म्हणाला तर तिथेच थांबवा, फोरेटवर २०२० च्या डिसेंबरअखेरपासून देशात बंदी आहे, आणि जिथे पोरं खेळतात, मांजरी लोळतात तिथे असलं काही नकोच. शहरात झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 'आमचं सेटिंग आहे' म्हणणाऱ्याला काम देऊ नका, कारण नोटीस जागेच्या मालकालाही येऊ शकते. आंबा, चिकू लावणार असाल तर कलमं परवानाधारक रोपवाटिकेतली घ्यायला सांगा आणि बिल मागा. टेरेस गार्डन असेल तर लँडस्केपवाल्याचं कुठलंच सर्टिफिकेट पुरणार नाही, ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर जातं, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या.

कागद जुळले तरी एकदा साइटवर उभं करून बोला. मोठ्या आंब्याखालची सावली दाखवून विचारा की इथे कुठली लॉन लावाल. हरळीच्या जातीच्या लॉनला भरपूर ऊन लागतं, सावलीत ती विरळ होत जाते, त्यामुळे ज्याला येतं तो आधी विचारेल की इथे ऊन किती तास येतं, आणि कदाचित म्हणेल की लॉन नकोच, सावलीतली झाडं लावू. जो लगेच स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो त्याची डिग्री कितीही मोठी असू दे, मी त्याला काम देणार नाही.

आणि उलटंही होतं, एखाद्या जुन्या माळीबुवांकडे एकही कागद नसतो पण हात सोन्याचा असतो. अशा वेळी त्यांनी केलेल्या, निदान दोन पावसाळे झालेल्या बागा स्वतः जाऊन बघा आणि तिथल्या मालकाशी बोला, लहान कामाला एवढं पुरतं.

शेवटी वर्क ऑर्डर. ज्याचं सर्टिफिकेट तपासलं त्याचंच नाव त्यात लिहा, तो आठवड्यातून किती वेळा साइटवर येणार तेही लिहा, आणि तपासलेल्या कागदांच्या कॉपी जोडा, कारण डिग्रीवाला सही करून जातो आणि रोज भलतीच पोरं कामाला येतात ही तक्रार सोसायट्यांमध्ये नेहमीची आहे. ॲडव्हान्स या सगळ्यावर सह्या झाल्यावरच द्या. कागद मागितल्यावर कुणी चिडला, किंवा 'उद्या देतो' करत दोन आठवडे काढले, तर दुसरं कोटेशन मागवा.