बिल्डर दिवाळखोरीत गेला, पण केस सापडेना: माझा अनुभव

बिल्डर कंपनी दिवाळखोरीत गेल्याचं इमारतीच्या ग्रुपवर कळलं, पण नाव टाकलं की दर वेळी ‘नोंद आढळली नाही’. दोन रात्री ई-कोर्ट्सवर (न्यायालयांतल्या केसेस शोधायचं संकेतस्थळ) शोधलं; कंपन्यांची दिवाळखोरी एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) चालते, तिथेही काही मिळेना. आईबाबांची आयुष्यभराची बचत अडकलेली, जीव नुसता टांगणीला.

घोळ नावात होता. होर्डिंगवरचं नाव ब्रँडचं. करारनाम्याच्या पहिल्या पानावर प्रवर्तक म्हणून वेगळीच प्रायव्हेट लिमिटेड! ते नाव एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) मास्टर डेटात टाकून 21 अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लिहून घेतला. मग आयबीबीआयच्या (दिवाळखोरी प्रक्रियेवर देखरेख करणारं मंडळ) संकेतस्थळावर ‘पब्लिक अनाउन्समेंट’मध्ये नावातला फक्त खास ओळखीचा शब्द टाकला, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ गाळून. फॉर्म ए, म्हणजे दावे मागवणारी जाहीर सूचना, उघडला, सीआयएन शेवटच्या अंकापर्यंत जुळवला (सारख्या नावाच्या कंपन्या असतात, हे टाळू नका). त्यातच अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनलचा (या काळात कंपनीचा कारभार पाहणारी आणि दावे स्वीकारणारी व्यक्ती) ईमेल आणि दावा दाखल करायची शेवटची तारीख होती. त्यानंतर एनसीएलटीवर मुंबई खंडपीठ निवडून पक्षकाराच्या याच नावाने शोधलं. आदेश मिळाला.

घर घेतलेल्यांनी दावा फॉर्म सीएमध्ये करायचा. सोबत करारनामा आणि पैसे भरल्याच्या पावत्या.