घरच्या अपराइट पियानोचं रेकॉर्डिंग: माइक कुठे आणि कसे लावावेत

अपराइट (उभ्या) पियानोचा आवाज मुख्यतः मागच्या साऊंडबोर्डमधून, म्हणजे तारांची कंपनं मोठी करणाऱ्या लाकडी फळीतून येतो, आणि घरात नेमकी तीच बाजू भिंतीला टेकलेली असते. त्यामुळे माइक कितीही चांगला असला तरी खर्ज गढूळ येतो. सुरुवात पियानोच्या जागेपासून करा.

१. पियानो भिंतीपासून ४०-५० सेंमी पुढे घ्या आणि किंचित तिरका ठेवा. हे काम दोघांनी मिळून करा. तारा धरणारा लोखंडी सांगाडा मागे असल्याने पियानो मागच्या बाजूला कलंडू शकतो. मागच्या भिंतीला जाड गादी उभी केली तर आवाज आणखी स्वच्छ येतो.

२. पियानो आधी सुरात लावून घ्या. त्यावरच्या फोटोफ्रेम, फुलदाण्या काढा. ठरावीक सुरांना त्या झणझणतात. पंखा बंद करा. पेडल किंवा बाक करकरत असेल तर आत्ताच बघा, नंतर तो आवाज काढता येत नाही.

३. वरचं झाकण उघडा आणि पट्ट्यांच्या वरची पुढची फळी काढा. बहुतेक पियानोंत ती आतून दोन्ही टोकांना खिट्टीने अडकवलेली असते.

४. आता माइक. एकसारखे दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) कंडेन्सर माइक घ्या आणि ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू करा. बूम स्टँड (आडव्या दांडीचा स्टँड) बाजूने किंवा मागून आणा, म्हणजे वाजवणाऱ्याच्या डोक्याला आणि हातांना अडथळा होत नाही. माइक उघड्या झाकणावर, तारांपासून साधारण २५ सेंमीवर ठेवा. एक खर्जाच्या बाजूला, दुसरा वरच्या सप्तकांच्या बाजूला, आणि दोघांत ७५ सेंमी अंतर. तारांपर्यंतच्या अंतराच्या तिप्पट अंतर माइकमध्ये असलं की एकाच सुराची दोन माइकमध्ये टक्कर कमी होते.

हातोड्यांची टकटक जास्त ऐकू येते? माइक १०-१५ सेंमी वर न्या. खूप वर नेले तर मात्र खोलीचा घुमारा शिरतो, आणि छोट्या खोलीचा घुमारा क्वचितच सुंदर असतो. एका वेळी एकच माइक थोडा सरकवा आणि ऐका.

५. सर्वांत जोरकस भाग वाजवून गेन (माइकच्या आवाजाची पातळी) लावा. आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिट रेकॉर्डिंगला एवढं पुरेसं आहे.

६. मोनोत, म्हणजे दोन्ही माइकचे ट्रॅक एकत्र करून, ऐका. ही पायरी टाळूच नका. दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर खर्ज पातळ झाला तर माइकचं अंतर बदला. स्टिरिओत पियानो फारच रुंद वाटला तर दोन्ही ट्रॅक पूर्ण डाव्या-उजव्या कडेला न ठेवता अर्ध्यावर आणा.

फळी काढता येत नसेल तर माइक मागे, साऊंडबोर्डपासून ३० सेंमीवर लावा. तिथे खर्ज डावीकडे असेल असं गृहीत धरू नका. खर्जाच्या तारा तिरक्या जातात, म्हणून जागा कानानेच शोधा. आवाज उबदार येतो, पण हातोडीच्या ठोक्याची धार कमी होते. मागे एक आणि वर एक असे माइक वापरलेत तर मागच्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची अधिक-उणे दिशा) उलटून आणि न उलटता असे दोन्ही पर्याय ऐका: साऊंडबोर्ड एका माइककडे सरकतो तेव्हा दुसऱ्यापासून दूर जात असतो. ज्यात खर्ज भरदार राहतो, तो पर्याय ठेवा.