पोर्ट्रेट लायटिंग शिकताय? आधी एकच लाईट लावा

स्टुडिओ मिळाला की सगळे लाईट एकदम लावावेसे वाटतात, पण माझं ऐका, सुरुवातीला एकच लावा. दोन लावले की कुठली सावली कोणामुळे पडली तेच कळत नाही आणि मग गाडी तिथेच अडकते.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) १००, शटर १/१२५ सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ/८. फ्लॅश, म्हणजे आपला स्टुडिओचा लाईट, बंद ठेवून एक फोटो काढा, तो जवळपास काळाच यायला हवा, म्हणजे खोलीतली ट्यूबलाईट मधे लुडबुडत नाहीये हे पक्कं झालं. शटरचा वेग उगाच वाढवू नका, बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फोटोत काळा पट्टा येतो. उजेड कमीजास्त करायचाय तर फ्लॅशची पॉवर किंवा ॲपर्चर बदला.

आता मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा, लावा आणि फक्त नाकाची सावली बघत बसा. लाईट समोरून, वरून असेल तर नाकाखाली छोटीशी सावली पडते, ते बटरफ्लाय. हळूहळू बाजूला आणि थोडा वर नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो, हे रेम्ब्राँ लायटिंग, १७व्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या नावावरून. अगदी बाजूला नेला की अर्धा चेहरा अंधारात, ते स्प्लिट. समोर बसलेला मित्र कंटाळला तर आर्ट कॉलेजात ड्रॉईंगसाठी ठेवलेला प्लास्टरचा पुतळा घ्या, तो हलत पण नाही. दोन्ही डोळ्यांत लाईटची चमक दिसतेय ना ते मात्र खऱ्या माणसावरच तपासायचं, ती नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात.

अंतराकडे पोरं लक्षच देत नाहीत आणि खरी गंमत तिथेच आहे. लाईट १ मीटरवरून २ मीटरवर नेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो, म्हणजे २ स्टॉप गेले (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). म्हणून लाईट चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे २ मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो आणि पांढरी भिंत चक्क करडी दिसते, वेगळं बॅकग्राऊंड विकत घ्यायची गरजच नाही. सॉफ्टबॉक्स (लाईटवर लावायचा, पुढे पांढरं कापड असलेला डबा) जितका जवळ तितक्या सावल्यांच्या कडा मऊ, त्यामुळे फ्रेमच्या अगदी काठापर्यंत आणा.

सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा, अजून गडद हवी तर काळं कापड. आणि सावळ्या चेहऱ्याला उजळ करायला पॉवर वाढवू नका प्लीज, आहे तो रंग तसाच येऊ द्या, मोठा सॉफ्टबॉक्स जवळ घ्या, घाम टिश्यूने टिपा, त्या त्वचेवर उजेड फार सुंदर खेळतो.

चष्म्यात लाईट दिसत असेल तर लाईट वर घ्या किंवा हनुवटी जराशी खाली करायला सांगा, एवढ्याने बहुतेक वेळा जातं.